एका घरातली दोन मुलं, दोन शाळा

नेदरलँड्समधल्या आइंडहोवनला यायचं नक्की झालेल्या मराठी कुटुंबांचे फोन मला वर्षभर येत असतात. कुणाला मित्राने नंबर दिलेला असतो, कुणी मंडळाच्या गणपतीत झालेल्या ओळखीतून येतं. घरभाडं, थंडीचे कपडे, तूरडाळ कुठे मिळते, हे सगळं पाच-दहा मिनिटांत आटोपतं. मग मूळ विषय निघतो. मुलांना घालायचं कुठे? इंटरनॅशनल शाळेत की डच शाळेत? आयबी, म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएट हा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम, घेतला आणि तीन वर्षांनी पुण्याला परत गेलो तर पोरगं अधांतरी राहणार नाही ना?

मी आधी दोन गोष्टी विचारतो. मुलाचं वय काय, आणि ते बारा वर्षांचं होईल तेव्हा तुम्ही कुठे राहणार आहात? दुसऱ्या प्रश्नावर पलीकडे जरा शांतता पसरते, कारण नवरा-बायकोचं त्यावर एकमत नसतं किंवा बोलणंच झालेलं नसतं. तरी सुरुवात तिथूनच करायला हवी, असं माझं ठाम मत आहे. इमारत, मैदान, फी, निकाल हे सगळं त्यानंतर.

आमच्या घरात याच प्रश्नाची दोन वेगळी उत्तरं निघाली. थोरला मुलगा इंटरनॅशनल शाळेत जातो आणि धाकटी मुलगी घराजवळच्या डच शाळेत, रोज सायकलवरून. नातेवाइकांना हे खटकतं. मुलाला पैसे भरून शाळा आणि मुलीला फुकटची, असा हिशेब काहींनी आमच्या तोंडावर मांडला. बायकोला ते फार लागलं. त्यांच्यासाठीही हे सविस्तर लिहितोय.

२०२१च्या ऑगस्टमध्ये आम्ही वाकडहून इथे आलो. नोकरी बायकोला लागली होती. चिप बनवायची यंत्रं तयार करणारी एएसएमएल शेजारच्या फेल्डहोवनमध्ये आहे, आणि तिला सुटे भाग पुरवणाऱ्या कंपन्या या सगळ्या परिसरात पसरल्या आहेत. त्यातल्याच एका कंपनीत ती आहे. मी पहिलं वर्ष घरी होतो, त्यामुळे शाळांचा शोध माझ्याकडे आला. थोरला तेव्हा पावणेअकरा वर्षांचा होता, सीबीएसईची पाचवी संपवून सहावीत गेलेला. धाकटी साडेपाच वर्षांची, सीनिअर केजीत, तेही करोनामुळे मोबाइलवरच्या वर्गात.

आधी डच शाळेचं सांगतो, कारण तिच्याबद्दल आपल्या लोकांना सगळ्यात कमी माहिती असते आणि भीती सगळ्यात जास्त.

इथे मूल चौथ्या वर्षी शाळेत जाऊ शकतं आणि पाचव्या वर्षापासून जावंच लागतं. प्राथमिक शाळा ग्रूप १ ते ग्रूप ८ अशी असते. पहिले दोन ग्रूप खेळाचे. अक्षरओळख आणि वाचन खऱ्या अर्थाने ग्रूप ३ मध्ये, म्हणजे सहाव्या-सातव्या वर्षी सुरू होतं. फी नाही. सहली, सिंटरक्लासचा सण अशा गोष्टींसाठी पालकांकडून थोडी वर्गणी मागतात, पण ती ऐच्छिक असते, आणि २०२१पासून कायदाच आहे की वर्गणी न भरल्यामुळे कुठल्याही मुलाला कुठल्याही कार्यक्रमातून वगळता येणार नाही. बुधवारी बऱ्याच ठिकाणी अर्धा दिवस शाळा. डब्यात पाव. प्राथमिकच्या बऱ्याच वर्षांत गृहपाठ जवळजवळ नाहीच.

आता बारा वर्षांचा मुद्दा. ग्रूप ८ मध्ये शिक्षक मुलाची सगळी वर्षं समोर ठेवून एक शिफारस देतात की याने पुढे कुठल्या प्रकारच्या माध्यमिक शाळेत जावं. व्हीएमबीओ चार वर्षांचं, तिथून व्यवसायशिक्षणाकडे वाट जाते. हावो पाच वर्षांचं, तिथून उपयोजित विज्ञानाच्या उच्चशिक्षण संस्थांकडे. व्हीडब्ल्यूओ सहा वर्षांचं, तिथून थेट विद्यापीठाकडे. जवळपास निम्मी मुलं व्हीएमबीओला जातात, आणि त्यात इथे कुणाला कमीपणा वाटत नाही. जानेवारीत तात्पुरती शिफारस मिळते, मग एक चाचणी होते. चाचणीत मूल शिफारशीपेक्षा वरचं निघालं तर शिफारस सहसा वर न्यावी लागते, खाली मात्र आणता येत नाही. पुढे दारं बंद होतात असंही नाही. व्हीएमबीओतून हावोत, तिथून आणखी वर, अशी शिडी चढत विद्यापीठापर्यंत पोहोचलेली माणसं बायकोच्या ऑफिसात आहेत. पण त्यात वर्षं जातात.

म्हणजे धाकटीला डच शिकायला, डचमध्ये विचार करायला आणि शिक्षकांना तिची नीट पारख व्हायला सहा वर्षांहून जास्त वेळ होता. थोरल्याला जेमतेम एक. सहा वर्षांपुढची नवी आलेली मुलं इथे साधारण वर्षभर भाषेच्या वेगळ्या वर्गात जातात. बारा वर्षांपुढच्यांसाठी माध्यमिक स्तरावर तसेच वर्ग आहेत, एक-दोन वर्षांचे. थोरला एक भाषावर्ग संपवून थेट शिफारशीच्या तोंडावर उभा राहिला असता, आणि त्याची गणिताची, विज्ञानाची समज त्याच्या नवशिक्या डचमधून मोजली गेली असती. हुशार पण भाषा कच्ची असलेल्या मुलाला खालची शिफारस मिळाल्याची उदाहरणं मी त्या दिवसांत तीन-चार कुटुंबांकडून ऐकली. एवढ्या एका कारणावरून त्याचा निर्णय झाला. तो मुलगा आहे म्हणून नाही. वयं उलटी असती तर शाळाही उलट्या असत्या.

इंटरनॅशनल शाळांचेही इथे दोन प्रकार आहेत आणि ते आधी समजून घ्यावेत, कारण फीचा फरक प्रचंड आहे. एक पूर्ण खासगी. हेगच्या बाजूला १९३१ची ब्रिटिश स्कूल, वासेनारची अमेरिकन स्कूल, ॲमस्टेलवेनमधली १९६४ची इंटरनॅशनल स्कूल ऑफ ॲमस्टरडॅम, ही जुनी नावं. ॲमस्टेलवेनमध्येच २०१८पासून आपल्याकडच्या अमिटीची शाळाही आहे. खासगी शाळांची वर्षाची फी बहुतेक ठिकाणी वीस हजार युरोंच्या आसपास किंवा त्याहून बरीच वर जाते. दुसरा प्रकार डच सरकारच्या अनुदानावर चालणाऱ्या इंटरनॅशनल शाळांचा. तिथे साधारण पाच ते दहा हजार युरो पडतात. आइंडहोवनची शाळा या दुसऱ्या प्रकारची.

अनुदान असल्यामुळे तिथे कुणालाही प्रवेश मिळत नाही. मूल परदेशी नागरिक हवं आणि आई किंवा वडील मर्यादित काळासाठी इथे कामाला आलेले हवेत. त्यासाठी कंपनीचं पत्र लागतं. डच कुटुंबांनाही काही अटींवर घेतात, परदेशात दोन वर्षं राहून आलेले किंवा लवकरच तेवढ्या काळासाठी जाणारे. म्हणजे इथे कायमचं राहायचं ठरवलेल्यांसाठी ही शाळा मुळात नाही. फोनवर हे सांगितलं की बरेच जण चमकतात.

पैशांबद्दल एक गोष्ट नोकरीचा करार सही करायच्या आधीच करावी. इथे परदेशातून आणलेल्या तज्ज्ञ कर्मचाऱ्यांना पगाराच्या ३० टक्क्यांपर्यंत रक्कम करमुक्त देता येते, जास्तीत जास्त पाच वर्षं. २०२७पासून ते प्रमाण २७ टक्के होणार आहे. ही सवलत असलेल्या कर्मचाऱ्याच्या मुलांची इंटरनॅशनल शाळेची फी कंपनी त्याखेरीज करमुक्त भरून देऊ शकते. देऊ शकते, द्यायलाच हवी असं नाही. म्हणून एचआरला थेट विचारा: फी देता का, किती, आणि किती वर्षं? काही कंपन्या पहिली दोन-तीन वर्षं भरतात आणि मग थांबतात. एका मुलाची फी खिशातून भरणं जमतं, दोघांची भरायची वेळ आली तर घराचा हप्ता की शाळा, असा प्रश्न उभा राहतो. मुलाला आयबीत घालून तीन वर्षांनी पैशांसाठी बाहेर काढावं लागलं, तर ते डच शाळेत जाण्याच्या वयाच्या पुढे गेलेलं असतं. ही कोंडी मी जवळून पाहिली आहे.

आता अभ्यासक्रम. माझे वडील, अण्णा, रयत शिक्षण संस्थेच्या सातारा जिल्ह्यातल्या शाळेत गणिताचे शिक्षक होते. थोरल्याच्या प्रवेशानंतर पहिल्याच आठवड्यात त्यांचा फोन आला. "पुस्तकं दाखव बरं कॅमेऱ्यासमोर." दाखवायला काही नव्हतं. प्राथमिकच्या त्या शेवटच्या वर्षात एक विषय घेऊन मुलं काही आठवडे त्यातच इतिहास, भूगोल, विज्ञान, चित्रकला सगळं करायची. पाठ्यपुस्तक नव्हतं आणि पाठांतरही नव्हतं. अण्णा म्हणाले, "अरे, मग सराव कधी करतो हा?"

त्यांचा प्रश्न रास्त होता आणि आजही आहे. दुसरी बाजू मला दोन वर्षांनी दिसली. थोरला तेव्हा आयबीच्या मिडल इयर्स प्रोग्रॅममध्ये होता, सगळे त्याला एमवायपी म्हणतात. पाच वर्षांचा हा टप्पा, विषयांचे आठ गट, आणि प्रत्येक विषयात चार निकष. प्रत्येक निकषाला आठपैकी गुण, सगळे मिळून शेवटी एक ते सात अशी श्रेणी. समाजशास्त्राच्या तासाला पुरावर संशोधन करायचं होतं. २०२१च्या जुलैत इथल्या लिंबुर्ख प्रांतात फाल्कनबुर्ख गावात गूल नदी घुसली होती, आणि त्याच महिन्यात चिपळूणमध्ये वाशिष्ठी. चिपळूण त्याचं आजोळ. आजीच्या घरात पाणी छताला टेकलं होतं. त्याने दोन्ही गावांची तुलना घेतली.

पहिल्या मसुद्यात त्याने आजीची कहाणी आणि पावसाचे आकडे लिहिले. शिक्षिकेने परत पाठवलं. तुझ्या आजीला हे कसं कळलं? धरणातून सोडलेलं पाणी, भरती, पाऊस, नदीतला गाळ, यातल्या कशाचा वाटा किती, हे कोण म्हणतंय आणि त्याचा त्यात काय संबंध? मग त्याने आजीला पुन्हा फोन लावला, या वेळी प्रश्न लिहून. पाणी किती वाजता आलं, भोंगा वाजला का, सूचना कुणी दिली. दोन तास आजी बोलत होती. १९५३च्या पुरात नेदरलँड्समध्ये १,८३६ माणसं गेली आणि त्यानंतर दक्षिण-पश्चिम किनाऱ्यावर डेल्टा प्रकल्प उभा राहिला, हे त्याने वाचून काढलं, आणि तरीही २०२१मध्ये फाल्कनबुर्ख का बुडालं, हा प्रश्न त्याचा त्यालाच पडला. किनारा राखला म्हणून डोंगराकडची नदी राखली जात नाही, असं त्याने शेवटी लिहिलं. बारा-तेरा वर्षांच्या मुलाने स्वतः शोधून काढलेलं ते वाक्य होतं. अण्णांना मी ते मराठीत वाचून दाखवलं. ते म्हणाले, "हे चांगलं आहे. पण त्याला अपूर्णांकांचा भागाकार अजून अडतो."

दोन्ही खरं आहे. एमवायपी विचार करायला, मांडायला, पुरावा मागायला शिकवतं, आणि हात बसेपर्यंत सराव त्यात होत नाही. त्यामुळे शनिवारी सकाळी अण्णा एनसीईआरटीच्या गणिताच्या पीडीएफ घेऊन व्हिडिओवर बसतात. उन्हाळ्यात साडेतीन तासांचा फरक, हिवाळ्यात साडेचार, त्याप्रमाणे त्यांचं जेवण पुढे-मागे होतं. मुलाला आयबीत घालणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगतो: गणिताच्या सरावाची सोय घरी करा आणि ती आठवीच्या वयात करा. डिप्लोमाच्या वेळी उशीर झालेला असतो.

डिप्लोमा म्हणजे शेवटची दोन वर्षं. आयबी ही संस्था १९६८मध्ये जिनिव्हात स्थापन झाली, ती मुळात याच दोन वर्षांसाठी. देशोदेशी बदलणाऱ्या आईवडिलांच्या मुलांना कुठल्याही विद्यापीठात जाता यावं, असा त्यामागचा हेतू. सहा विषय, त्यातले साधारण तीन वरच्या पातळीवर. प्रत्येकाला सातपैकी गुण. त्याबरोबर चार हजार शब्दांचा निबंध, ज्ञानमीमांसेचा एक अभ्यासक्रम, आणि कला-खेळ-सेवा यांची नोंद. एकूण ४५पैकी गुण, डिप्लोमा मिळायला किमान २४ हवेत आणि इतरही काही अटी पुऱ्या व्हाव्या लागतात. डच विद्यापीठं याला व्हीडब्ल्यूओच्या बरोबरीचा मानतात. भारतात असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीज त्याला बारावीशी समकक्ष धरते.

पण समकक्ष असणं आणि सोयीचं असणं यांत अंतर आहे, आणि परत जायचा विचार असलेल्यांनी ते इथे येण्याआधी मोजावं. ज्यांच्या मनात भारतातलं मेडिकल आहे त्यांना ‘नीट’ या प्रवेशपरीक्षेसाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र तिन्ही लागतात. डिप्लोमाच्या नेहमीच्या रचनेत दोनच विज्ञान विषय बसतात. तिसरा हवा असेल तर शाळेमार्फत आयबीकडे खास परवानगी मागावी लागते. शिवाय डिप्लोमाची परीक्षाही मे महिन्यात आणि नीटही सहसा मे महिन्यात. जेईईचं तसंच: विषय बसवता येतात, पण सरावाची पद्धत पूर्ण वेगळी. आपल्या मुलाला डॉक्टर व्हायचंय आणि तेही महाराष्ट्रात, असं ज्या घरात नक्की आहे, त्यांनी दहावीच्या आधी परतावं, असं मी स्पष्ट सांगतो. त्यातही वर्ष निवडताना जपावं लागतं. सीबीएसईत आठवीपर्यंत जाणं सोपं. नववी आणि अकरावीत परदेशी बोर्डातून आलेल्यांना समकक्षतेचे कागद लागतात. दहावी आणि बारावीत मात्र नव्याने थेट प्रवेश मिळत नाही. मूल इथे दहावीच्या वयाचं असताना प्रोजेक्ट संपला, तर मोठी पंचाईत.

मराठीचंही इथेच सांगून टाकतो. महाराष्ट्राच्या २०२०च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या बोर्डांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी सक्तीची आहे. परत येणाऱ्या मुलाला ती लागणारच. पण मी घरी मराठी शिकवतो ते केवळ त्यासाठी नाही. धाकटीच्या डच शिक्षिकेने पहिल्या भेटीतच सांगितलं होतं, घरी तुमचीच भाषा बोला, मोडकंतोडकं डच तिच्याशी बोलू नका, डच आम्ही बघतो. मला त्या बाईंबद्दल तिथेच आदर वाटला. बालभारतीची पुस्तकं संकेतस्थळावरून पीडीएफमध्ये मोफत मिळतात. पहिलीचं पुस्तक आम्ही छापून बांधून घेतलं, आता चौथीचं चालू आहे. मुलगी अडखळत वाचते, पण आजीला पत्र लिहिते. इंग्रजीचं काम मात्र आमच्यावर पडलं. डच शाळेत इंग्रजी शेवटच्या दोन ग्रूपमध्ये नीट सुरू होतं. उद्या पुण्याला जायचं झालं तर तिला गणित इंग्रजीतून समजायला हवं, म्हणून रोज रात्री इंग्रजी वाचन. डच शाळा फुकट असते, पण पालकांच्या वेळेची किंमत त्यात धरावी लागते.

धाकटीच्या शाळेबद्दल सासूबाई सुरुवातीला फार अस्वस्थ होत्या. वाकडला ती दोन ओळींत एबीसीडी लिहीत होती, शंभरपर्यंत अंक काढत होती. इथे ग्रूप २ मध्ये वाळूत खेळते, झाडावर चढते, कपडे चिखलाने भरवून येते. वर्षभर तिने पेन्सिलने लिहिलं ते फक्त स्वतःचं नाव. मलाही रात्री प्रश्न पडायचे. पण ती शाळेत पळत जायची. चार-पाच महिने ती वर्गात जवळजवळ गप्प होती, शिक्षिका म्हणायच्या थांबा, साठवतेय. मग कार्निव्हलच्या सुट्टीच्या सुमारास ती अचानक पूर्ण वाक्यांत बोलायला लागली. ग्रूप ३ मध्ये वाचन आलं ते झपाट्याने.

अण्णा आम्हाला भेटायला आले ते पुढच्या उन्हाळ्यात. रोज सकाळी नातीला सोडायला जायचे. फाटकाशी मुख्याध्यापिका उभ्या असतात आणि येणाऱ्या प्रत्येक मुलाशी हात मिळवतात. अण्णांशीही मिळवला. दोन-तीन दिवसांनी घरी आल्यावर त्यांनी मला विचारलं, "इथल्या गरिबाची पोरं कुठल्या शाळेत जातात रे?" मी म्हणालो, याच शाळेत. धाकटीच्या वर्गात एक मुलगा आहे त्याचे वडील बस चालवतात, एकीची आई हृदयरोगतज्ज्ञ आहे, दोन भावंडं सीरियातून आलेली आहेत. मी त्यांना इथल्या राज्यघटनेचं कलम २३ समजावलं. १९१७पासून इथे सरकारी शाळा आणि धार्मिक किंवा वेगळ्या विचारांच्या शाळा, दोघींना सरकार सारखाच पैसा देतं. श्रीमंतांसाठी वेगळी प्राथमिक शाळा हा प्रकार फार थोडा. अण्णा बराच वेळ ऐकत होते. मग म्हणाले, "पोरीला इथून काढू नकोस."

कर्मवीरांच्या संस्थेत उभी हयात घालवलेल्या माणसाचं ते मत होतं, आणि माझ्यासाठी त्याचं वजन कुठल्याही रँकिंगपेक्षा जास्त आहे. बारा वर्षांनंतरची विभागणी मला पटत नाही, ती फार लवकर होते असं मला वाटतं, आणि इथल्या अनेक डच पालकांनाही तसं वाटतं. पण त्याआधीची आठ वर्षं सगळी मुलं एका बाकावर बसतात, हे मी माझ्या मुलीसाठी मोठं मानतो.

थोरल्याला ते मिळालं नाही. त्याच्या वर्गात पंधरा-वीस देशांची मुलं आहेत आणि सगळ्यांचे आईवडील इंजिनिअर किंवा मॅनेजर. दरवर्षी जूनमध्ये कुणीतरी जातं. त्याचा पहिला जिवलग मित्र ब्राझीलचा होता, वर्षाने तो सिंगापूरला गेला. दुसरा कोरियाचा, तोही गेला. तिसऱ्या वेळी त्याने नवीन मित्र करायला बरेच महिने लावले. शाळेच्या माहितीपत्रकात हे नसतं. शाळा पाहायला जाल तेव्हा विचारा, दरवर्षी किती मुलं सोडून जातात आणि राहिलेल्यांसाठी तुम्ही काय करता. किती शिक्षक सोडून गेले, हेही विचारा. इंग्रजी कच्चं असलेल्या मुलाला जादा तास मिळतात का आणि त्याचे वेगळे पैसे पडतात का, डिप्लोमाला बसलेल्या मुलांचे सरासरी गुण किती आणि सुरू केलेल्यांपैकी किती जणांनी तो मधेच सोडला, हे आकडे मागा. चांगली शाळा ते देते.

शेजारच्या मुलांशी मात्र थोरल्याचं जमत नव्हतं. ती डच बोलायची, याचं डच शाळेतल्या तासापुरतं. त्याला आम्ही मोहल्ल्यातल्या फुटबॉल क्लबात घातलं आणि दोन हंगामांत फरक पडला. इंटरनॅशनल शाळेत मुलं घालणाऱ्यांनी क्लबची नोंदणी शाळेइतकीच गांभीर्याने घ्यावी. नाहीतर मूल सात वर्षं या देशात राहून पाव विकत घेण्यापुरतंच डच शिकतं.

सुट्ट्यांचं एक लक्षात असू द्या, यावरून आपल्या लोकांना दंड झालेले आहेत. शाळा चालू असताना मुलाला परवानगीशिवाय भारतात नेता येत नाही. स्वस्त तिकिटासाठी चार दिवस आधी निघालात तर नगरपालिकेचा अधिकारी विचारतो. हे डच शाळेला लागू आहे आणि अनुदानित इंटरनॅशनल शाळेलाही. धार्मिक सणासाठी साधारण एक दिवस मिळतो, आधी कळवावं लागतं. आम्ही लक्ष्मीपूजनाचा दिवस घेतो. गणपतीला घरी जाणं मात्र बहुतेक वर्षी जमत नाही, कारण तेव्हा शाळा नुकतीच उघडलेली असते.

आणि अर्ज लवकर करा. इंटरनॅशनल शाळेत काही वर्गांना प्रतीक्षायादी असते. व्हिसा हातात यायची वाट पाहत बसू नका. कंपनीचं पत्र, जुन्या शाळेचे दोन वर्षांचे निकाल आणि लसीकरणाचं कार्ड पाठवून नाव घालून ठेवा. डच शाळेसाठी घर कुठे मिळतं यावर सगळं अवलंबून, त्यामुळे घर शोधतानाच आसपासच्या शाळांना फोन करा आणि नवीन आलेल्या मुलांचा त्यांना किती अनुभव आहे ते विचारा. मेअरहोवनसारख्या भागात तो भरपूर आहे.

आमच्यापुढे आता २०२७ आहे. थोरला त्या ऑगस्टमध्ये डिप्लोमा सुरू करेल, धाकटी त्याच महिन्यात ग्रूप ८ मध्ये जाईल आणि पुढच्या जानेवारीत तिची शिफारस येईल. थोरला भौतिकशास्त्र आणि गणित वरच्या पातळीवर घ्यायचं म्हणतो, त्याला डेल्फ्टला पाण्याचं इंजिनिअरिंग करायचं आहे. धाकटीच्या शिक्षिका आत्ताच काही सांगत नाहीत आणि मीही विचारत नाही. त्याआधी पासपोर्टचा प्रश्न सोडवायचा आहे. इथे पाच वर्षं झाली की डच नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो, पण ते घेतलं की भारताचं जातं. मुलं ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिकत्व असलेले भारतीय वंशाचे कार्डधारक, झाली तर २०२१च्या अधिसूचनेप्रमाणे भारतात नीट-जेईईतून फक्त एनआरआय किंवा जादा जागांवरच प्रवेश मिळू शकतो. बायकोला वाटतं मुलांसाठी तो दरवाजा उघडा ठेवावा. मला वाटतं थोरल्याचं मन ठरलेलं आहे आणि धाकटीचं घर आता हेच आहे. थोरल्याने विषयांचा फॉर्म भरायच्या आधी आम्हा दोघांचं एकमत व्हायला हवं, आणि या दिवाळीत अण्णा आले की तिघे बसून ते ठरवणार आहोत.